काडेपेटीतला शब्द

चंदीगडला थंडी सुरू झाली की काका दिसेनासे व्हायचे. म्हणजे असायचे तिथंच, पण एक कानटोपी, दोन मफलर, तीन स्वेटर आणि वर ऑफिसचा कोट एवढा ऐवज सायकलवरून चाललेला दिसायचा आणि आतून कुठून तरी आवाज यायचा, "कोन व ते? साताऱ्याची पोरगी का?" माणूस अकोल्याचा. तापलेल्या पत्र्याखाली वाढलेला. नोव्हेंबर उजाडला की त्यांचं एकच पालुपद, "देवानं पहाड बनवले ते ठीक केलं, पन त्याच्या पायथ्याशी आपलं ऑफिस काहून काढलं?" जसं काही ऑफिससुद्धा देवानंच काढलं होतं.

नाव सांगत नाही. त्यांना ते खपलं नसतं. ते केंद्र सरकारच्या बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते, रोज सायकलनं कॅपिटल कॉम्प्लेक्सच्या बाजूला नकाशे काढायला जायचे आणि बावीस सेक्टरमध्ये एका खोलीच्या क्वार्टरमध्ये एकटे राहायचे. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "राहून गेलं." दळण आणायचं राहून जावं तितक्या सहज. आमची आई त्यावर म्हणायची, "बरंच झालं बाई, ती बिचारी वाचली."

आई असं का म्हणायची ते त्यांना सायकल चालवताना पाहिलं की कळायचं. चंदीगडला चौक म्हणजे गोल चक्कर. सगळे लोक चक्कराला वळसा घालून आपल्या वाटेनं जातात. काका आधी एक पूर्ण प्रदक्षिणा घालायचे आणि मग वळायचे. हात बाहेर काढून, रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी. "एक डाव पाहून घेतो कोन येऊन राह्यलं ते. मंग निंगतो." ऑफिसला जाताना वाटेत चार चक्करं लागायची. तरी माणूस कधी लेट नाही, कारण त्या प्रदक्षिणांचा वेळ हिशेबात धरून ते घरातून निघत.

मी तेव्हा बारा वर्षांची. अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीचा सुमार. बाबांची बदली होऊन आम्ही चंदीगडला आलो तेव्हा मी चार वर्षांची होते, त्यामुळं माझं सगळं शहाणपण तिथंच आलेलं. बदलीवर आलेली मराठी कुटुंबं होती बऱ्यापैकी, पण प्रत्येकाचा जिल्हा वेगळा, बोलण्याचा हेल वेगळा. गणपतीत नि दिवाळीत सगळे भेटायचे. मोठी माणसं मराठीत बोलायची आणि आम्ही पोरं हिंदीत. कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. आई विचारायची, "जेवलीस का गं?" मी म्हणायची, "हाँ, खा लिया." असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

एका दिवाळीत काका आमच्याकडं फराळाला आले. चकली हातात घेऊन मला म्हणाले, "काय व, कसं चाललं?" मी म्हटलं, "ठीक हूँ, अंकल."

काकांनी चकली परत ताटलीत ठेवली. चकली ठेवणारा हा माणूस नव्हता, म्हणून सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. "रविवारी सकाळी नऊ वाजता हिले माझ्याकडे पाठवा," ते आईला म्हणाले, आणि मग चकली उचलून खाल्ली.

काकांचा रविवारचा वर्ग असा सुरू झाला. आम्ही आठ पोरं. जमिनीवर सतरंजी, कोपऱ्यात पेटवलेली अंगीठी, म्हणजे कोळशाची शेगडी, आणि तिला जवळजवळ मिठी मारून बसलेले काका. फळा नाही, पाटी नाही, बाराखडी नाही. एकच पुस्तक. किशोरांसाठीची एक मराठी कादंबरी, कोकणातल्या खाडीकाठच्या एका मुलाची. तिचं नाव आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं, कारण मुखपृष्ठ कधीच गळून गेलं होतं. काकांनी ड्रॉइंग शीटचा नवा पुठ्ठा चढवून त्यावर काळ्या शाईनं, पट्टी लावून, सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'पुस्तक'.

दर रविवारी ते एक प्रकरण वाचायचे. वाचताना मराठी छापील, बोलताना अकोल्याची. वाचता वाचता थांबायचे आणि विचारायचे, "कोनाले नाही समजला?" हात वर झाले की तो शब्द बाजूला निघायचा. अर्थ ते कधीच सांगायचे नाहीत. डिक्शनरी घरात नव्हतीच. मला एकदा राग आला नि मी म्हटलं, "फिर समझेगा कैसे?" तर म्हणाले, "तुले तुही आई कशी समजली? कोनी अर्थ सांगतला होता का?"

त्यांची पद्धत निराळी. चहावाल्याकडून ते रिकाम्या काडेपेट्या गोळा करत. निघालेला शब्द ड्रॉइंग शीटच्या चिटोऱ्यावर लिहायचा, घडी घालायची, काडेपेटीत ठेवायचा आणि रांगेनं ज्याची पाळी असेल त्याच्या हातात द्यायचा. "आठवडाभर पाळा. रोज बाहेर काढा. लोकायमंधी हिंडवा." पुढच्या रविवारी हिशेब द्यायचा, शब्द कुणापाशी वापरला, का वापरला, समोरचा काय म्हणाला. नीट वापरला असेल तर शब्द आपला, काडेपेटीसकट. नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं असेल तर काका पेटी परत घ्यायचे आणि दुसऱ्याला द्यायचे. खरं घडल्याशिवाय शब्द वापरायचा नाही हा मुख्य नियम. दुसऱ्याच्या पाळीच्या शब्दाला हात लावायचा नाही हा दुसरा. आता हसू येतं, पण आम्ही ते नियम देवाधर्मासारखे पाळायचो.

मला पहिला शब्द मिळाला 'लगबग'. घरी आले तर आई स्वयंपाकघरात कुकर, फोडणी नि दाराशी आलेला भाजीवाला या तिन्हींच्या मधे धावत होती. मी म्हटलं, "आई, किती लगबग करतेस." आई झारा हातात घेऊन जागच्या जागी थांबली. मग मला जवळ घेऊन माझ्या डोक्याचा मुका घेतला आणि फोडणी करपली. त्या दिवसापासून ती रविवारी दारातच विचारायची, "आज कुठला गं आणलास?" आणि मी काडेपेटी उघडून दाखवायची. 'चिवट' आला, 'हिरमुसणे' आला, 'धांदल' आला. माझं मराठी वाक्य मोठं व्हायला लागलं, आणि आई तेवढ्यानंच खूश असायची.

आता सुखना तलावाचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय काका पुरे होत नाहीत. कादंबरीतला मुलगा एका खडकावर जायला ओहोटीची वाट बघतो. आम्हांला ओहोटी काय ठाऊक? समुद्र कुणी पाहिला होता? काका म्हणाले, "चला, दाखवतो." पुढच्या रविवारी आठ पोरं, पराठ्यांचे डबे नि एक वेताची काठी घेऊन हा माणूस सुखनाच्या काठावर. काठी पाण्याच्या कडेला रोवली, तिच्यावर ऑफिसच्या पेन्सिलनं खुणा केल्या आणि म्हणाले, "आता पाहा. सांजेलोक पानी मांगं हटन."

आम्ही पाहिलं. दर अर्ध्या तासानं काका उकिडवे बसून माप घेत, वहीत लिहीत. पराठे संपले. पाणी होतं तिथंच. दुपारी चारला संजूची आई जीप घेऊन आली. संजू म्हणजे आमच्यातला, चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतल्या मेजरसाहेबांचा मुलगा. त्याची आई रत्नागिरीची. काय चाललंय म्हणून तिनं विचारलं, काकांनी गंभीरपणे सांगितलं, आणि ती बाई हसता हसता पायरीवर बसली. "अहो भावजी, तळ्याला कुठली आलीय ओहोटी? ती दर्याला." काकांचा चेहरा कानटोपीतसुद्धा लाल झालेला दिसला. काठी उपटून घेऊन ते बसस्टॉपकडं चालायला लागले.

दुसरा कुणी असता तर पुढच्या रविवारी तो विषयच काढला नसता. काका आमच्यासमोर उभे राहिले, कधी नव्हे ते कानटोपी काढून. "पोरंहो, म्या तुमाले चुकीचं दाखवलं. म्या समुद्र पाह्यला नाही. वाटलं, मोठं पानी म्हनजे वर-खाली होतच असन. चुकलो." मान खाली, बोटं कोटाच्या गुंडीशी चाळा करताहेत. मग त्यांनी संजूच्या आईलाच बोलावलं. ती भरती-ओहोटी सांगत होती आणि काका आमच्यात सतरंजीवर मांडी घालून टिपून घेत होते.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी ते केलं.

आमच्या शेजारी पम्मी राहायची, माझी मैत्रीण. तिच्या व्हरांड्यात आम्ही चार-पाच मुली दुपारच्या जमायचो. मला नकला छान यायच्या. प्रिन्सिपॉलची करायची, दूधवाल्याची करायची. त्या दिवशी पम्मी म्हणाली, "यार, अपनी मम्मी की कर ना." आणि मी केली. ओढणीचा पदर डोक्यावर घेतला, कमरेवर हात ठेवला नि आई भाजीच्या गाडीवाल्याशी, रेहडीवाल्याशी, बोलते तशी सुरू झाले, "ओ भैया, कल का गवार सब जून निकला. और कितना महाग देता तुम." मुली लोळायला लागल्या. मी आणखी चेकाळले. आई अडखळते तशी अडखळले, शब्द सापडत नाही तेव्हा ती हात हवेत हलवते, तेही केलं. आधी पम्मी हसायची थांबली. मी मागं वळून बघितलं.

आई फाटकात उभी होती. हातात झाकलेलं ताट. पम्मीच्या आईला तिची थालीपिठं आवडायची म्हणून गरम गरम घेऊन आली होती. तिनं ताट कठड्यावर ठेवलं, पम्मीला म्हणाली, "मम्मी को देना," आणि घरी गेली.

मला वाटलं होतं मार बसेल. बसला असता तर बरं झालं असतं. रात्री आईनं नेहमीसारखं ताट वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला हलवून म्हणाली, "उठो. स्कूल का टाइम हो गया." मला वाटलं थट्टा करतेय. दुपारी म्हणाली, "आप खाना खा लो." आप! स्वतःच्या आईनं मला आप म्हटलं.

आणि मग तेच सुरू झालं. बाबांशी मराठीत, माझ्याशी हिंदीत. त्यात कुजकेपणा नव्हता, हेच तर वाईट होतं. ती खरोखर शिकत होती. पम्मीच्या आईला नीट शब्द विचारून यायची, मनाशी घोकायची. बाबांनी विचारलं, हे काय नवीन? तर म्हणाली, "पोरीला माझी लाज वाटते, तर मग शिकायला नको?" बाबा पेपर उलटत म्हणाले, "चांगलंच आहे की." पुरुषांना काही म्हणजे काही कळत नाही.

मी तीनदा सॉरी म्हटलं. तिन्ही वेळा आई म्हणाली, "कोई बात नहीं." मी मराठीत बोलायला लागले, तर ती तुटक्या हिंदीत उत्तर द्यायची. रविवारी दारात उभी राहीनाशी झाली. माझ्या काडेपेट्या तशाच दप्तरात पडून राहायच्या. वेणी घालताना ती माहेरच्या गोष्टी सांगायची, कऱ्हाडजवळच्या तिच्या गावच्या, तेही थांबलं, कारण त्या गोष्टी सांगण्याइतकं हिंदी तिला येत नव्हतं. माझी आई घरात होती, समोर होती, आणि मला ती हवी तशी मिळत नव्हती. मला रोज शाळेत रडू यायचं.

महिन्यातून एकदा आई काकांना जेवायला बोलवायची. भाकरी नि ठेचा असा त्यांचा ठरलेला बेत. त्या महिन्यातही ते आले. आई मला म्हणाली, "आप को और सब्जी दूँ?" काकांचा घास हातात थांबला. त्यांनी आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता चकली ठेवली तसा घास ठेवतील, काहीतरी बोलतील. तर म्हणाले, "वहिनी, ठेचा आणखी आहे का?" मला त्यांचा इतका संताप आला.

तरी गेले त्यांच्याकडंच. दुसरं होतं कोण? पुढच्या रविवारी सगळे गेल्यावर मागं थांबले नि म्हटलं, "काका, मला एक शब्द द्या. माफी मागायचा. सॉरी नको, सॉरी झालं म्हणून." ते अंगीठीतली राख खाली करत होते. "मांगून शब्द भेटत नाही. पुस्तकात येईन तवा येईन." एवढंच. काय दगड आहे हा माणूस, असं मनात म्हणत मी घरी आले.

दगड. आज तो शब्द आठवला की मलाच कसंतरी होतं. पुढं आमची बदली पुण्याला झाली, मी पुण्याच्याच एका शाळेत मराठी शिकवायला लागले, आयुष्यभर तेच केलं. वर्गात कुणी अर्थ विचारला की माझ्या तोंडून आपोआप निघायचं, "आधी पाळ, मग सांग." मुलं घरी जाऊन आमच्या बाई येड्या आहेत असं सांगायची. काकांना मी दोन पत्रं पाठवली. दोन्हींना उत्तर आलं, पोस्टकार्डावर, पट्टी लावून काढलेल्या अक्षरांत, हवापाण्याखेरीज एक ओळ नाही. मी शिक्षिका झाले हे कळवलं तेव्हा लिहिलं होतं, 'वाचून आनंद झाला. येथे थंडी फार.' मी त्यांचे आभार असे कधी मानलेच नाहीत. मानायला हवे होते. त्या माणसानं माझ्यासाठी काय केलं हे मला आई झाल्यावर कळलं, आणि तोवर ते राहिले नव्हते. म्हणून हे आज लिहून काढतेय.

तर पुस्तकात शब्द आला. तीन रविवारांनी. कादंबरीतला मुलगा बापाला न विचारता होडी घेऊन जातो, खडकावर फोडतो आणि दोन दिवसांनी घरी येतो. काका वाचत होते, 'तो ओशाळून दारातच उभा राहिला.' थांबले. "कोनाले समजला?" कुणालाच नाही. काकांनी पुस्तक मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "सुखन्यावरून आल्यावर तुमच्यापुढे मी कसा उभा होतो? तसं." आठही पोरांना लख्ख कळलं.

मी सतरंजीवर पुढं सरकले. हाच तो. पण पाळी संजूची होती. 'ओशाळणे' संजूच्या काडेपेटीत गेला आणि माझ्या वाट्याला आलं 'वल्हे'. चंदीगडला मी वल्ह्याचं काय करणार होते? मी काकांकडं पाहिलं, त्यांनी पुस्तक मिटलं. संजू काडेपेटी खिशात टाकून जीपमध्ये बसून चंडीमंदिरला निघून गेला.

शब्द कानांनी तर ऐकला होता. घरी जाऊन आईला म्हटला असता तर कोण अडवणार होतं? पण दुसऱ्याचा शब्द आम्ही घेत नव्हतो. आणि खरं सांगायचं तर मला तेवढं निमित्त पुरलं. पाळी नाही, म्हणून बोलायचं नाही. आणखी एक आठवडा "आप खाना खा लो" ऐकत काढला.

पुढच्या रविवारी संजूनं हिशेब दिला. "मैं ऑर्डर्ली के सामने ओशाळा."

"काय केलं होतं तू?" काकांनी विचारलं.

"कुछ नहीं."

"मंग ओशाळला कायचा?"

संजूनं निमूट काडेपेटी काढून दिली. काकांनी ती सतरंजीच्या मधोमध ठेवली. "कोनाले पाहिजे?" एकानंही हात पुढं केला नाही. तो शब्द वापरायचा तर आधी कुणाचं तरी काहीतरी बिघडवलेलं असायला हवं नि मग त्याच्यासमोर जाऊन ते कबूल करायला हवं, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. मी हात वर केला.

काकांनी पेटी माझ्या हातात दिली. "जड आहे हा. आठवडाभरात हात लावाले नाही धजली, तर आनून दे. मी रागावनार नाही."

सोमवार गेला. मंगळवारी मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन पाणी पिऊन परत आले. बुधवारी पम्मीची आई बसलेली होती. गुरुवारी, शुक्रवारी काय कारण काढलं ते आठवत नाही, काहीतरी काढलंच असणार. शाळेच्या पिनाफोरच्या खिशात ती पेटी, आणि बोटं सारखी तिच्यावर. शनिवारी शाळा अर्धा दिवस. घरी आले तर आई पाटावर बसून शेंगा फोडत होती, स्टोव्हवर दूध ठेवलेलं. मला बघून म्हणाली, "हाथ धो लो."

मी हात धुतले नाहीत. दारातच उभी राहिले. "आई, मी ओशाळले आहे," मी म्हटलं. "पम्मीकडं तुझी नक्कल केली त्या दिवसापासून. तुझ्याकडं बघायला मला होत नाही. तू ताट घेऊन उभी होतीस ते सारखं दिसतं."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "क्या?" ती म्हणाली. मी परत सगळं म्हटलं. या वेळी रडत, नाक ओढत, मधेच चुकत. मग आईनं शेंगांची परात बाजूला सारली.

"मग इतके दिवस तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस? सॉरी म्हणे. सॉरी म्हणायला मी काय तुझी टीचर आहे? नाही येत मला हिंदी. नाहीच येत. तुझ्या बापाच्या नोकरीपायी इथं आले, मला कुणी विचारलं होतं, येतेस का बाई म्हणून? दिवसभर या चार भिंतींत बोलायला मला आहे कोण? तू एक होतीस, तर तूच मला चार पोरींत नाचवलीस. काय मिळालं गं तुला? नकला करायच्या तर कर की, माझ्यासमोर कर, मीही हसले असते. पाठीमागं कशाला? आणि आता तिथं काय खांबासारखी उभी आहेस? दूध उतू चाललंय, ते दिसत नाही का डोळ्यांना?"

दूध खरंच उतू गेलं. मी स्टोव्ह बंद करायला धावले तर आईनं मला मधेच धरलं, घट्ट, आणि आम्ही दोघी त्या पाटाशेजारी बसून रडलो. रडता रडताही ती मला रागावत होती. अर्धा तास तरी रागावली. दोन महिन्यांचं सगळं साठलेलं. मी एक एक शब्द ऐकून घेतला. इतकं गोड मला तेव्हापर्यंत कुणी रागावलेलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

रविवारी माझी पाळी आली. काका अंगीठीशी बसले होते, दोन्ही मफलर गुंडाळून.

"वापरला?"

"हो."

"कोनापुढे?"

"आईपुढे."

"मंग? काय म्हनली?"

"खूप रागावली," मी म्हटलं. पोरं हसायला लागली. काकांनी हात वर करून त्यांना गप्प केलं आणि माझ्याकडं वाकून, फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू विचारलं, "कोन्त्या भाषेत?"

म्हणजे हा माणूस ठेचा मागत होता तेव्हाही त्याला सगळं दिसत होतं.

"मराठीत," मी म्हटलं. "सगळं मराठीत."

काकांनी चष्मा काढला. स्वेटरच्या टोकानं बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "तुले आज सुट्टी. जाय घरी."

वर्ग अर्ध्यात सोडायला काकांनी तोवर कुणालाच परवानगी दिली नव्हती, तापानं फणफणलेल्या पोरालासुद्धा. मी चपला पायात सरकवल्या आणि बावीस सेक्टरमधून घरापर्यंत पळत सुटले.

दार उघडंच होतं. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"आज लवकर कशी गं आलीस?" आईनं आतूनच विचारलं.

मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि तिला त्या काडेपेटीचं सगळं सांगितलं, पहिल्यापासून, मराठीत.